झालं म्हणून समजा

आमच्याकडं 'न्हाई' हा शब्द शिवीच्या जवळपासचा धरतात. दारात आलेल्या माणसाला बसवायचं, चहा पाजायचा, त्याचं सगळं ऐकून घ्यायचं, फक्त न्हाई तेवढं म्हणायचं न्हाई. परळी तालुक्यात सिरसाळ्याच्या बाजूला आमचं गाव. तिथल्या दूध सोसायटीचे आमचे हे अठरा वर्षं चेअरमन होते, आणि अठरा वर्षांत त्यांनी एका माणसाला न्हाई म्हणलेलं मी ऐकलं नाही. कुणी काही मागायला आलं की हे मान डोलवायचे, मांडीवर थाप मारायचे आणि म्हणायचे, "झालं म्हणून समजा."

ह्याचा अर्थ गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. चहा संपला, आता उठा. समोरचा माणूस कप खाली ठेवायचा, राम राम घालायचा आणि चपला शोधायला लागायचा. कुणाला जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर पाहिजे असायचा, कुणाला वस्तीच्या रस्त्यावर मुरूम, कुणाला मेव्हण्याची बदली. मी आत चुलीपाशी साखर टाकता टाकता ऐकायची. ह्या अठरा वर्षांत आमच्या गावाचा एवढा विकास झाला की विचारू नका, फक्त तो सगळा समजून घ्यायचा होता.

मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस रुसला. विहिरींचा तळ दिसला, गावाला टँकर लागला, जनावरं चारा छावणीत गेली आणि सोसायटीच्या गाडीत दुधाचे कॅन रिकामेच खडखडायला लागले. लोकांची मागणी वाढली. ह्यांचं 'झालं म्हणून समजा' पण वाढलं. पहिल्यांदा माणसं कप खाली ठेवीनात. एक म्हातारा तर ह्यांच्याकडं बघत म्हणाला, "चेअरमन, समजून समजून दमलो की आता." हे हसले. मी आतल्या आत चरकले.

त्याच साली सोसायटीची निवडणूक आली आणि हे पडले. असे पडले की फेरमोजणी मागायलासुद्धा तोंड राहिलं नाही.

आमच्या ओसरीवर सकाळी सातपासून माणसं असायची. निवडणुकीनंतर पहिल्या सकाळी हे इस्त्रीचे कपडे, कडक टोपी घालून बसले. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी पण बसले. पंधरा दिवस असे बसले आणि सोळाव्या दिवशी त्यांनी पुढचं दार उघडलंच नाही. "लोक बेइमान हायेत," एवढंच म्हणायचे आणि भिंतीकडं तोंड करून पडायचे. जेवायला बसले तरी अर्धी भाकर पानात राहायची. दिवसभर बोलणारा माणूस असा गप झाला की घर खायला उठतं. मला भीती वाटायला लागली, खरं सांगते. माझा माणूस माझ्यासमोर होता आणि मला सापडत नव्हता.

लोक बेइमान नव्हते हे मला माहीत होतं. पण ते ह्यांच्या तोंडावर म्हणायची माझी हिंमत होत नव्हती. पडलेल्या माणसाला आणखी कुठं पाडायचं?

पुण्यातल्या लेकीला मी सगळं सांगितलं, तर तिनं अंदमानातल्या एका लहानशा बेटाची आठ दिवसांची तिकिटं काढून पाठवली. हे उसळले. "लोक छावणीत मुक्काम करायलेत अन् मी समुद्रावर लोळू? गाव काय म्हणल?" मी म्हणलं, गाव काही म्हणायच्या मनःस्थितीत दिसत नाही. शेवटी लेक फोनवर रडली तेव्हा तयार झाले. आणि निघायच्या आदल्या दिवशी सोसायटीसमोर उभं राहून, कुणी विचारलेलं नसताना, "अभ्यास दौऱ्यावर चाललोय" असं चार जणांना सांगून आले. अभ्यास कशाचा ते चौघांनीही विचारलं नाही.

विमान झालं, जहाज झालं आणि आम्ही बेटावर उतरलो. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघितला. मी साडी गुडघ्यापर्यंत उचलून आत गेले आणि लहान पोरीसारखी हसत बसले. हे काठावर टोपी धरून उभे. बराच वेळ बघून म्हणाले, "एवढं पाणी, अन् सगळं वाया." मग वाकले, बोट बुडवलं आणि चाखून बघितलं. शाळेत शिकवलेलं खरं आहे का ते बघत होते म्हणे. थुंकले आणि आपल्याला कुणी फसवल्यासारखं तोंड करून खोलीवर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र सवयीनं सातला उठले, इस्त्रीचा लेंगा-सदरा, टोपी चढवली आणि बाहेर पडले. मी मागनं. त्या बेटावर सगळे पाहुणे अर्ध्या चड्डीत, आणि त्यांच्यामधून हे पांढरे शुभ्र, दिसेल त्याला हात जोडून राम राम घालत चाललेले. पाहुणे दचकायचे. बेटावरची माणसं मात्र थांबायची, हसायची, उलटा नमस्कार करायची. नारळ सोलणारा एक जण तर कोयता खाली ठेवून उठला आणि त्यानं ह्यांचा हात दोन्ही हातांत धरला. ह्यांना एवढ्या महिन्यांत कुणी हात दिला नव्हता. ते वळून माझ्याकडं बघायला लागले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. मी मुद्दाम होड्यांकडं बघितलं.

बाजारापासून वर एक चढ होता आणि चढावरच्या गल्लीत एका आजीचं चहाचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक स्टोव्ह, दोन बाकं आणि पत्रा. आजी बंगाली, साठ-सत्तर वर्षांपूर्वी आईच्या कडेवर बसून त्या बेटावर आलेली. दहा मुलखांची माणसं तिथं येऊन राहिलेली, त्यामुळं सगळ्यांची मिळून एक मोडकीतोडकी हिंदी. आमच्या ह्यांची हिंदी म्हणजे आपली जुन्या निजामाच्या मुलखातली, लहानपणी बाजारात शिकलेली. शाळेत मास्तरांनी तिला नावं ठेवली होती. तिथं ती झकास चालली.

"तुम्हारे उधर समुंदर नै?" आजीनं विचारलं.

"नै," हे म्हणाले. "हमारे उधर टँकर है."

आजीला टँकर कळला नाही. ह्यांनी तो सगळा समजावून सांगितला: विहिरी कशा आटतात, टँकर कसा येतो, बायका कशा पळतात. आजी ऐकून घेऊन म्हणाली की इथंही तेच आहे. मला वाटलं थट्टा करतेय. पण खरंच, पाऊस थांबला की बेटावरच्या विहिरी खाऱ्या होतात, आणि प्यायचं पाणी नळाला तीन दिवसांनी येतं. चारही बाजूंनी पाणी आणि प्यायला रांग. ते ऐकून ह्यांचा चेहरा जो फुलला, तो मी निवडणुकीनंतर पहिल्यांदा बघितला. देवा रे, माणसाला सुख कशात मिळेल सांगता येत नाही. आमच्या ह्यांना ते दुसऱ्याच्या पाणीटंचाईत मिळालं.

त्याच दुपारी खालच्या चौकातल्या नळाला पाणी आलं आणि बायकांची हमरीतुमरी सुरू झाली. हे मध्ये शिरले. आमच्या गावात माणसं रांगेत उभी राहत नाहीत, घागरी राहतात. ज्याची घागर जिथं, त्याचा नंबर तिथं, आणि माणसं सावलीत बसून गप्पा मारतात. घागरीला कुणी हात लावायचा नाही, लावला तर तो नंबर सोडून मागं जातो. ह्यांनी ते हातवारे करून सांगितलं आणि स्वतः सगळ्यांच्या बादल्या, डबे, कळश्या ओळीत मांडल्या. बायका आधी हसल्या. मग झाडाखाली जाऊन बसल्या आणि त्यांना ते पटलं. एकीनं विचारलं, तुम्ही कोण? हे म्हणाले, "चेअरमन." माजी हा शब्द प्रवासात कुठंतरी हरवला होता. मी पण शोधून दिला नाही.

तीन दिवसांत अख्खं बेट ह्यांना ओळखायला लागलं. 'चेअरमन साब, चाय पियो,' 'चेअरमन साब, इधर बैठो.' एका घरी मासे खायचा आग्रह झाला. आम्ही शिवाचे भक्त, कांदासुद्धा सोमवारी न खाणारे. हे म्हणाले, उद्या नक्की येतो. ते ऐकलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. माझा माणूस मला सापडला होता हे खरं, पण सगळाच्या सगळा सापडला होता.

आणि चौथ्या दिवशी व्हायचं ते झालं. आजीनं चहा देता देता सांगितलं की खालच्या चौकात तीन दिवसांनी का होईना पाणी येतं, पण चढावरच्या गल्लीत महिना झाला, थेंब नाही. रोज पहाटे ती उठून नळापाशी बसते, आज येईल म्हणून. उजाडलं की खाली उतरते आणि दोन डबे घेऊन चढ चढते. गुडघे दाखवले तिनं. सुजलेले होते. हे तिचा तिसरा चहा पीत होते. मान डोलवली, मांडीवर थाप मारली.

"हो गया समझो, माताजी."

आमच्या गावातली बाई असती तर पदर सावरून उठली असती. ह्या आजीनं किटली खाली ठेवली, ह्यांचे दोन्ही हात आपल्या कपाळाला लावले आणि गल्लीकडं तोंड करून बंगालीत काहीतरी ओरडून सांगितलं. दारादारातनं बायका बाहेर आल्या. त्यांनी ते खरंच समजून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आमच्या खोलीसमोर पंधरा-वीस माणसं. आजी पुढं, हातात जास्वंदीचा हार. तक्रार नव्हती कुणाची. पाणी किती वाजता येणार एवढंच विचारायला आली होती, म्हणजे डबे धुऊन ठेवता येतील. हे खिडकीच्या फटीतनं बघत होते.

"आता गं?" मला म्हणाले.

"मला कामून विचारता? ओसरीवर माणसं नाहीत म्हणून झुरत होतात की. आली बघा."

गावाकडं असं काही झालं की हे मागच्या दारानं मळ्यात जायचे. इथंही त्यांनी मागचं दार उघडून बघितलं. मागं समुद्र होता.

हार गळ्यात घालून घेणं आलं. मग हे पाणीपुरवठ्याच्या हापिसात गेले आणि मी पण गेले, कारण एकटं सोडायचा धीर नव्हता. अठरा वर्षं लोकांनी ह्यांना अर्ज दिले होते. त्या दिवशी ह्यांनी आयुष्यातला पहिला अर्ज स्वतःच्या हातानं लिहिला, तोही हिंदीत, तीन वेळा खाडाखोड करून. साहेब बाहेरगावी होते, म्हणून बाकावर दोन तास बसलो. मग आतल्या एका सभ्य गृहस्थानं बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला, अर्ज शेवटपर्यंत वाचला, मान डोलवली आणि गोड हसून म्हणाला, "हो गया समझिए."

हे उठलेच. सवयीनं, त्या शब्दाला उठायचं असतं हे त्यांच्यापेक्षा जास्त कुणाला माहीत? दारापर्यंत गेले आणि तिथं थांबले. मग बाहेर आले. नारळाच्या झाडाखाली बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"ह्याचा अर्थ काय असतो, माहितीये का तुला?" मला विचारलं.

"तुमच्यापरास मला जास्त माहितीये," मी म्हणलं. आणि मग इतके महिने दाबून ठेवलेलं तोंडातनं निघूनच गेलं. "गाव बेइमान न्हाई. तुमी न्हाई म्हणला असतात तर लोकांनी दुसरीकडं हातपाय हलवले असते. तुमी त्यांना वाट बघायला बसवलं, दुष्काळात. आता रागवायचं तर रागवा."

रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्या दुपारी जेवले नाहीत, आणि मी स्वतःला शिव्या घालत समुद्राच्या काठानं उगाच फिरत राहिले. मला वाटलं, माणसाला बरा करायला आणलं आणि होता नव्हता तो मीच मोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर खोलीत हे नव्हते. हापिसाच्या बाकावर होते. त्या दिवशी चहा नको म्हणाले आणि साहेब येईपर्यंत हलले नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशी परत. शेवटी साहेबांनीच कंटाळून एक मेकॅनिक सोबत दिला. त्यानं पंपघरात नेऊन खरी गोष्ट दाखवली. चढावर पाणी चढवणारी मोटर जळलेली होती. तिचं सामान मुख्य भूमीवरून जहाजानं यायचं होतं, त्याला अजून महिना, कदाचित जास्त. तोपर्यंत कुणीही काहीही केलं तरी वरच्या गल्लीत पाणी चढणार नव्हतं. एका महिन्यात ही साधी गोष्ट वरच्या गल्लीत जाऊन सांगावी असं कुणाला वाटलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी दुपारी आमचं जहाज होतं. खोलीवरून धक्क्याकडं दोन वाटा. एक काठाकाठानं, सरळ. दुसरी बाजारातून, आजीच्या चढावरून. हे बॅग घेऊन काठाच्या वाटेला लागले. वीस पावलं गेले, थांबले, बॅग माझ्याजवळ ठेवली आणि म्हणाले, "तू हो पुढं." मी कशाला पुढं होतेय? बॅगा होत्या तिथंच एका दुकानात टाकल्या आणि मागोमाग चढ चढले.

आजी स्टोव्हला पंप मारत होती. ह्यांना बघून उठली. हे बाकावर बसले नाहीत. उभे राहून, दोन्ही हात खाली सोडून म्हणाले, "माताजी, नै हुआ. मोटर जल गयी. सामान बाहर से आता, महिना लगता, जादा बी लगेगा. मेरे हाथ में कुछ नै था. मैं चेअरमन बी नै अब. लोगों ने निकाल दिया."

अठरा वर्षांत न ऐकलेलं मी एका दमात ऐकलं. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की लग्नातसुद्धा वाटला नव्हता, आणि लग्नात तर हे घोड्यावर होते.

आजीनं विचारलं, महिना पक्का? हे म्हणाले, पक्का. कमी नाही. तिनं बोटं मोजल्यासारखं केलं आणि शेजारणीला हाक मारून सांगितलं. दोघींनी मिळून तिथंच ठरवलं की खालच्या चौकात शेजारणीच्या दिराकडं एक मोठं पिंप ठेवायचं आणि वर आणायला हातगाडी भाड्यानं घ्यायची. येईल येईल म्हणून कुणी हे केलंच नव्हतं. मग आजी ह्यांच्याकडं वळून म्हणाली की उद्यापासून पहाटे नळापाशी बसायचं नाही, झोपायचं. "इतना ही कोई बोल देता," ती म्हणाली. मग तिनं ह्यांना दंडाला धरून बाकावर बसवलं आणि कप पुढं केला. हे कप हातात धरून रडले. आजीनं पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं स्टोव्हला पंप मारत राहिली. बाकीची गिऱ्हाइकं पण थांबली होती.

धक्क्यावर नारळवाला, पाण्याच्या रांगेतल्या बायका, मासे खायला बोलावणारे घरवाले, सगळे आले होते. ह्यांनी त्या घरवाल्यांनाही सांगून टाकलं की आम्ही मासे खात नाही, आधीच सांगायला पाहिजे होतं. ते म्हणाले, सांगायचं ना, भाजी केली असती.

जहाज सुटल्यावर ह्यांनी माझ्याकडं कागद मागितला. माझ्याजवळ तिकिटाबरोबर आलेला एक पाठकोरा कागद होता. त्यावर ते लिहायला लागले. मी डोकावून बघितलं तर गावातली माणसं होती, एकाखाली एक, आणि प्रत्येकापुढं एक शब्द: डॉक्टर, मुरूम, बदली. घरी गेल्यावर एकेकाच्या दारात जाऊन न्हाई म्हणायचं होतं. मी म्हणलं, "मार खाल." ते म्हणाले, "खाईन की." कागद भरत आला तेव्हा त्यांनी पेन थांबवलं आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "तुझं कितव्या नंबरला लिहू?"

"माझं काय?" मी हसले. "मी तुमच्या समजण्याला कधी फसले नाही."

"नळ," ते म्हणाले. "चुलीजवळ नळ अन् उभ्यानं भांडी घासायला ओटा. लेक पाळण्यात होती तवा म्हणलतो. गावालाच पाणी न्हाई, आता कुठनं येणार नळ? न्हाई होत ते."

मला माहीतच होतं, मी म्हणलं, आणि काचेकडं तोंड फिरवलं. चुलीच्या उजव्या हाताचा तो कोपरा मी चोवीस वर्षं मोकळा ठेवला होता. पाहुण्यांनी तिथं पाट ठेवला तरी मी उचलायची, आणि कुणी विचारलं तर वारा येतो म्हणायची. घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून ज्वारीची कोठी त्या कोपऱ्यात सरकवली. बरोबर बसली.